बैल बसला ती जागा

गोमलीयाडीला साडी नेसता येत नव्हती, आणि एवढ्या एका कारणावरून आमच्या तांड्यातली परंपरा टिकून राहिली.

पुसदहून येणारी एसटी जिथं वळून परत जाते, तिथून थोडं पुढं चाललं की हा बंजाऱ्यांचा तांडा लागतो. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी बरीच वर्षं शिकवत होते. मी रुजू झाले तेव्हाच तिथल्या म्हाताऱ्या साडीवर आल्या होत्या आणि तरण्या सुना गाऊनवर. आरशांचा घेरदार घागरा म्हणजे फेटिया, पाठीवर बंद बांधायची काचळी, कवड्या लावलेली ओढणी आणि दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या म्हणजे बलिया, हा सगळा जुना थाट एकट्या गोमलीबाईच्या अंगावर उरला होता. याडी म्हणजे गोरबोलीत आई. लहानथोर सगळेच तिला गोमलीयाडी म्हणत, म्हणून मीही तेच म्हणू लागले.

पहिल्याच महिन्यात मी तिला मोठ्या आदरानं विचारलं, "याडी, सगळ्यांनी सोडलं, मग तुम्ही एकटीनं हा पोशाख कसा काय जपला?"

समाज, पूर्वज, संस्कृती असलं काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून मी सावरून बसले होते.

"जपते कोण बाप्पा," ती म्हणाली. "मले साडी नेसता येत नाही न. पायात येते."

मग तिनं तिच्या पोराच्या लग्नाची गोष्ट सांगितली. सुनेच्या माहेरच्यांनी हौसेनं तिला साडी नेसवली होती, जागोजागी पिना लावून. मंगल कार्यालयाच्या पायऱ्यांवर तिचा पाय निऱ्यांत अडकला आणि ती थेट वाजंत्र्यांच्या ढोलावर जाऊन पडली. "ढोल फुटला, माहा गुडघा फुटला, अन् लग्न लागलं," ती म्हणाली. "तवापासून साडी बंद."

गोमलीयाडी उंच, हाडापेरानं रुंद आणि आवाजानं त्याहून रुंद होती. तिचं घर शाळेच्या व्हरांड्याला लागूनच. मधल्या सुट्टीत ती यायची, चहा मागायची आणि चहा होईपर्यंत पोरांची परीक्षा घ्यायची. पाढे तिला स्वतःला येत नव्हते. पण पोरगं पाढा म्हणत असताना ती त्याच्या तोंडाकडे टक लावून बघे आणि मध्येच ओरडे, "चुकला!" पोरगं खरंच चुकलेलं असे. इतक्या वर्षांत तिचा अंदाज क्वचितच हुकला. न येणाऱ्या गोष्टीतही बिनचूक अधिकार गाजवण्याची ही तिची कला मला तेव्हा फक्त मजेची वाटायची. पुढं ती कुठवर जाणार होती याची कल्पना नव्हती.

कापूस वेचायलाही ती त्याच आरशांच्या पोशाखात जायची. शेजारच्या गावातला एक पाटील तिला मुद्दाम बोलवायचा. तो म्हणे, "याडी वावराच्या धुऱ्यावर उभी राह्यली की चमकीनं रानडुक्कर येत नाही." गोमलीयाडीला याचा राग नव्हता. उलट, नुसतं उभं राहण्याची मजुरी वेगळी पाहिजे, असं तिचं म्हणणं होतं.

आता दुसरी गोष्ट, जी तांड्यात सगळ्यांना ठाऊक होती आणि कुणी विचारलं नाही म्हणून कुणी सांगितली नाही. गोमलीयाडीला सुईदोऱ्याचं काहीच येत नव्हतं. सुटलेलं बटणसुद्धा लावता येत नव्हतं. "आई कशिद्याले बसवे, मी ढोरामागं पळे," ती सांगे. "सुई पाह्यली की मले झोप येते." तिच्या अंगावरचा टाकान् टाका तिच्या धाकट्या जावेचा, झमकूबाईचा होता.

झमकूबाई म्हणजे वाळलेली, काटक, कपाळाच्या खालपर्यंत पदर ओढलेली बाई. बाहेरच्या माणसासमोर ती तोंड उघडत नसे, पण म्हणून ती गरीब स्वभावाची होती असं कुणी समजू नये. तांड्यातल्या ज्या पाचसहा बाया अजून भरतकाम करत, त्या तिच्या हाताखाली शिकल्या होत्या, म्हणजे आधी रडायला शिकल्या होत्या आणि मग टाके घालायला. कुणी काम दाखवायला आणलं की झमकूबाई ते उजेडाकडे धरी, एक शब्द न बोलता सगळा दोरा उसवी आणि कोरं कापड परत देई. तिच्या तोंडून निघणारी सर्वांत मोठी स्तुती म्हणजे, "चालते." आणि एवढं सगळं भरणारी ही बाई स्वतः मात्र बाजारात मिळणारी सिंथेटिक साडी नेसायची. का, तर म्हणे हलकी पडते.

दोघी जावा, दोघीही विधवा. अंगण एक, चूल एक. पोरं कामाधंद्याला बाहेर. दोघींनी कामं वाटून घेतली होती. कशिदा झमकूबाईकडे, आणि बाजारहाट, रेशन, दवाखाना, ग्रामपंचायत, भांडणं आणि पाहुणे हे सगळं गोमलीयाडीकडे. यात भांडणं या खात्यात काम सर्वांत जास्त असे.

एकदा मी तिच्याबरोबर पुसदच्या बाजारात गेले होते. एका कापडाच्या दुकानात मशीनवर केलेली आरशांची झगमगीत लेस टांगलेली होती. दुकानदार म्हणाला, "याडी, घ्या. ओरिजनल बंजारा वर्क."

गोमलीयाडीनं लेस हातात घेतली. "कोणं केलं?"

"सुरतहून येते न."

"सुरतले कोणता तांडा हाय?"

"ते मले नाही माहीत. पण ओरिजनल हाय, याडी. तुम्ही फसू नका."

कवड्या-आरशांनी मढलेल्या त्या बाईला समोर उभी करून दुकानदार पाच मिनिटं बंजारा काम कसं ओळखावं ते समजावून सांगत होता. मी वाट बघत होते की आता स्फोट होईल. गोमलीयाडीनं शांतपणे सगळं ऐकलं, घासाघीस करून त्याला जेरीला आणलं आणि नातीच्या लग्नासाठी तीच लेस घेतली. बाहेर आल्यावर मी तिच्याकडे बघितलं तेव्हा म्हणाली, "झमकूनं भरायचं म्हटलं तर नातीचं लेकरू लग्नाले येईन तेव्हा होईन."

असं सगळं सुखानं चाललं असताना पुण्याच्या एका संस्थेची मृणाल नावाची मुलगी तांड्यात आली. तिला पारंपरिक भरतकाम टिकवायचं होतं. मुलगी मनापासून काम करणारी होती, हे आधीच सांगते. सुती कुर्ता, पाठीला पिशवी, आणि ऊन लागून लाल झालेलं नाक. तांड्याच्या तोंडाशी तिला साडीतली झमकूबाई शेळ्यांना पाला टाकताना दिसली. मृणालनं तिला रस्ता विचारला. पुढं आल्यावर आरशांनी लखलखणारी गोमलीयाडी दिसली आणि मृणाल तिच्या पाया पडली.

त्यानंतरची चूक कुणाची, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. मृणालनं विचारलं, "हे सगळं तुम्ही भरलंय?" गोमलीयाडी म्हणाली, "आमचंच हाय." यात खोटं काय होतं?

मग मृणालनं एक कोथळी हातात घेतली. कोथळी म्हणजे भरतकामाची चौकोनी पिशवी, लग्नात सुपारी-पैसे ठेवायची. "या नक्षीचा अर्थ काय असतो, याडी?"

गोमलीयाडीच्या दारातून कुणी रिकाम्या हातानं परत जात नसे. चहा मागितला तर चहा, पाणी मागितलं तर पाणी. या पोरीनं अर्थ मागितला. गोमलीयाडीनं नक्षीवरून बोट फिरवायला सुरुवात केली. "हा डोंगर. ही नदी. ह्या सात बहिणी पाण्याले गेल्या."

"आणि इथं कोपऱ्यात ही ओळ अशी वाकडी का गेलीये?"

मी तिथंच होते. शाळेच्या पोषण आहाराच्या तांदळाबद्दल बोलायला आले होते. गोमलीयाडीनं त्या वाकड्या ओळीवर बोट टेकवलं. मग तिचा आवाज खाली आला, ज्याची आम्हा कुणाला सवय नव्हती.

"आमचे लोक बैलाइवर मीठ लादून मुलूखभर फिरत, पोरी. चालता चालता एक बैल थकला अन् वाटेतच बसला. सगळा तांडा त्याच्यासाठी थांबला. त्याले सोडून गेला नाही. हे ती जागा हाय. बैल बसला ती."

मृणालच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगायचं तर माझ्याही.

ती गेल्यावर मी ओट्यावर बसलेल्या झमकूबाईला विचारलं, तो कोपरा खरंच तसा असतो का. तिनं पदराआडून माझ्याकडे बघितलं. "दोरा सरला," ती म्हणाली.

चारसहा महिन्यांनी मृणाल एक सुरेख रंगीत पुस्तिका घेऊन आली. मुखपृष्ठावर गोमलीयाडी, आत डोंगर, नदी, सात बहिणी, आणि एक अख्खं पान बैलाचं. ते पान लोकांना फार आवडलं होतं. कोथळ्यांची मोठी मागणी आली होती, कापूस संपल्यावरच्या रिकाम्या दिवसांत तांड्यातल्या बायांना काम मिळणार होतं. फक्त एक अट होती. प्रत्येक कोथळीवर बैल बसला ती जागा पाहिजे.

म्हणजे झमकूबाईनं आता प्रत्येक कोपऱ्यात मुद्दाम वाकडं भरायचं होतं.

दोघी आपसात गोरबोलीत भांडत, त्यातलं मला समजलं तेवढं सांगते. झमकूबाई म्हणाली, माझ्या हातून एकदा चुकलं ते चुकलं, रोज उठून चुकायला मी काही येडी नाही. गोमलीयाडी म्हणाली, अगं, लोकाइले तेच पाहिजे. झमकूबाई म्हणाली, "कोनी." कोनी म्हणजे नाही. तिच्या तोंडी हा शब्द आला की तो विषय तिथं संपत असे. पण या वेळी पाच घरांचं काम अडत होतं. शेवटी तिनं भरलं. कसं भरलं असेल ते तिचं तिलाच माहीत. ती टाके घालताना दात आवळून बसलेली मी पाहिली आहे.

पुस्तिकेमागून कीर्ती आली, आणि कीर्तीमागून साहेब. कुठल्याशा सन्मानासाठी कलाकार निवडायला एक समिती तांड्यावर येणार असं कळलं. ते गोमलीयाडीला समोर बसवून काम करताना बघणार होते. निवड झाली तर तांड्यात प्रशिक्षणाचं केंद्र निघणार होतं. मृणाल आनंदानं वेडी झाली होती. गोमलीयाडी मात्र शाळेत आली आणि पहिल्यांदाच चहा न मागता बसली.

"मॅडम, आता काय करू?"

"खरं सांगा," मी म्हटलं. शिक्षकाला दुसरं काही सुचत नाही.

"सांगतो," ती म्हणाली. आमच्याकडच्या बाया अशाच बोलतात. आणि तिनं खरोखर सांगितलं.

शाळेच्या व्हरांड्यातच कार्यक्रम झाला. सतरंजी अंथरली, मागं कोथळ्या टांगल्या. तीन साहेब, एक मोठ्या बाई, मृणाल, व्हिडिओ काढणारा एक माणूस. अख्खा तांडा मैदानात. झमकूबाई खांबाशी उभी. गोमलीयाडीच्या हातात सुई आणि कापड दिलं. तिनं ते बघितलं, बाजूला ठेवलं, आणि सगळ्यांना समजावं म्हणून हिंदीत म्हणाली, "मुझे नहीं आता, साहेब."

साहेब एकमेकांकडे बघू लागले.

"सच्ची बोलती हूँ. ये सब काम इसका है." तिनं खांबाकडे बोट दाखवलं. "मैं तो खाली पहनती हूँ और बोलती हूँ."

मोठ्या साहेबांनी खांबाकडे मान वळवली. तिथं एक साडीतली म्हातारी उभी होती. त्यांनी मान परत वळवली. त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"सुना आपने?" ते बाकीच्यांना म्हणाले. "इतनी बड़ी कलाकार, और कहती हैं, मुझे कुछ नहीं आता. सब दूसरों का है. शहर में कोई ऐसा बोलेगा?"

"नहीं साहेब, मैं सच में..."

"बस, माताजी, बस." त्यांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. विळा चालवून आणि कापूस वेचून त्या हातांना घट्टे पडले होते, बोंडांच्या टोकांनी बोटं चिरलेली होती. साहेबांनी ते सगळ्यांना दाखवले. "सुई चलवाने की ज़रूरत ही नहीं है. ये हाथ बोल रहे हैं."

मोठ्या बाईंनी डोळे टिपले. मी मृणालकडे बघितलं. तिला कळलं होतं, असं मला वाटतं. तिचा चेहरा एकदम उतरला, तोंड उघडलं, पण तोवर शाल उलगडली गेली होती. टाळ्या वाजल्या. गोमलीयाडी शाल घेऊन उभी, आणि बहुधा जन्मात पहिल्यांदा तिला काय बोलावं ते सुचत नव्हतं. तिनं झमकूबाईला हात धरून पुढं ओढलं. तेव्हा व्हिडिओ काढणारा माणूस म्हणाला, "मावशी, जरा बाजूला व्हा. फ्रेममध्ये येता आहात."

झमकूबाई बाजूला झाली. मग व्हरांडा उतरली आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी अंगणात दोन चुली होत्या.

बाहेरच्या माणसाला यातलं गांभीर्य कळणार नाही. दोघी लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्या एका चुलीवर जेवत होत्या. नवरे गेले, पोरं गेली, चूल एकच होती. आता झमकूबाईनं अंगणाच्या पलीकडच्या कडेला तीन दगड मांडले. भांडण नाही, शिव्या नाहीत. भरतकामही बंद. बाया विचारायला गेल्या तर म्हणाली, "जिले शाल भेटली तिनं भरावं." पुढच्या मागणीच्या कोथळ्या तिच्या पेटीत पडून होत्या. सगळ्या भरून झालेल्या, फक्त तो एक कोपरा कोरा. तिथवर येऊन ती थांबली होती. बाकीच्या बायांची हिंमत नव्हती, कारण झमकूबाईच्या कामाला हात लावायचा म्हणजे काय ते त्या जाणून होत्या.

गोमलीयाडी दुपारी व्हरांड्यात येऊन बसे आणि अंगणाकडे बघे. एकटीपुरता स्वयंपाक करायची तिला सवय नव्हती. हात आपोआप दोघींच्या भाकरी थापे आणि उरलेल्या कुत्र्यापुढं जात. "कुत्रं लय जाड झालं," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "मॅडम, मी एवढं बोलली जन्मभर. कोणी म्हणे नाही, हे खोटं हाय म्हणून. अन् एक डाव खरं बोलली, तर कोणी ऐकलं नाही. काहून असं?"

मग तिनं माझ्यापुढं हात केला.

"सुई ओवून द्या," ती म्हणाली.

तिनं खरंच आणली होती सुई आणि लाल दोऱ्याची लडी, आणि एक मांजरपाटाचा तुकडा. मी ओवून दिली. पुढचे कितीतरी दिवस, शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत, ती व्हरांड्यात बसून टाके घालत होती. वर्गात पोरं पाढे म्हणत आणि बाहेरून गोरबोलीत शिव्या ऐकू येत. सुई बोटात शिरे, दोऱ्याच्या गाठी बसत, पोरी खिडकीतून बघून हसत. "हसा, पोट्ट्याहो, हसा," ती ओरडे. "याडी चुकली म्हणा!" आणि पोरी आनंदानं ओरडत, "चुकली!"

शेवटी एके दिवशी तो तुकडा घेऊन ती अंगण ओलांडून झमकूबाईच्या दाराशी जाऊन बसली. मी व्हरांड्यातून बघत होते. झमकूबाई बाहेर आली. काही न बोलता तिनं तुकडा घेतला आणि सवयीनं उजेडाकडे धरला. मला वाटलं आता ती उसवणार.

"हे काय हाय?"

"सरळ टाका," गोमलीयाडी म्हणाली.

झमकूबाई बघत राहिली. तो सरळ टाका निघाला होता पूर्वेला, मग डावीकडे वळला होता, गाठीपाशी गोळा होऊन थांबला होता आणि तिथून भलत्याच दिशेला गेला होता. झमकूबाईचे खांदे हलायला लागले. ती रडते आहे असं वाटून मी उठले. पण ती हसत होती. मी तिला तोवर हसताना कधी ऐकलं नव्हतं. तोंडावर पदर दाबून ती इतकी हसली की तिला उंबऱ्यावर बसावं लागलं. गोमलीयाडी आधी रागानं बघत राहिली, मग तीही हसायला लागली, आणि तिचं हसू तर एसटीच्या थांब्यापर्यंत ऐकू जाण्यासारखं होतं.

मग झमकूबाई आत गेली आणि कोरा कोपरा ठेवलेली एक कोथळी आणून तिनं गोमलीयाडीच्या मांडीवर टाकली.

"घाल इथं," ती म्हणाली. "सरळ घाल."

गोमलीयाडीनं जीव ओतून सरळ घातलं. बैल बरोबर बसला.

पुढं मग अशीच रीत पडली. कोथळी झमकूबाईची किंवा तिच्या हाताखालच्या बायांची, आणि तो शेवटचा कोपरा गोमलीयाडीचा. तिला मुद्दाम वाकडं घालायला सांगून जमलं नसतं. सरळ घाल म्हटलं की पाहिजे तसं वाकडं होई, आणि प्रत्येक वेळी निराळं. झमकूबाई जवळ बसून तिला रागवायची, बोटावर चापटी मारायची, पण उसवायची मात्र नाही. पलीकडचे तीन दगड कुणीतरी उचलून शेळ्यांच्या दावणीला लावले. मृणालचा फोन आला तेव्हा ती म्हणाली की या नव्या कोपऱ्यांत जास्त जीव आहे, गिऱ्हाईकंही तसंच म्हणतात. मी तिला काही सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही.

आणि त्या बैलाचं काय झालं तेही सांगायला हवं. शाळेच्या स्नेहसंमेलनात सातवीतल्या एका पोरीनं "आमचा वारसा" यावर भाषण केलं. त्यात मिठाची पोती आली, थकलेला बैल आला, त्याच्यासाठी थांबलेला तांडा आला. पोरगी चांगलं बोलली. गोमलीयाडी पहिल्या रांगेत बसून ओढणीनं डोळे पुसत होती.

"बिचारा," ती मला म्हणाली.

"याडी, तो बैल तुम्हीच..."

"पांढरा होता तो," पलीकडून झमकूबाई म्हणाली. दोरा सरला असं मला सांगणारी हीच ती झमकूबाई. "माही आजी सांगे."

त्यानंतर माझी बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, मारेगावला झाली. निघताना गोमलीयाडीनं मला कोथळी दिली नाही. ती बाहेरच्या लोकांसाठी असते, म्हणाली. तिनं ज्वारीच्या भाकरी आणि मिरचीचा ठेचा बांधून दिला, आणि मारेगावच्या पोरांसाठी माझ्याजवळ दोन शिव्या.

केंद्र काही निघालं नाही. पण प्रदर्शनांची बोलावणी येत राहिली असं कानावर येई, आणि गोमलीयाडीनं मृणालला सांगून ठेवलं होतं म्हणे की झमकूला गाडीत पुढची जागा असेल तर मी येते, नाहीतर हा फेटिया तुम्हीच घालून बसा.

मागच्या हिवाळ्यात मी काही कामानं पुसदला एसटीनं चालले होते. आर्णीच्या पुढं एका वळणावर बस हळू झाली. रस्त्याच्या कडेला एक जीप उभी होती, टपावर गाठोडी बांधलेली. चालक बोनेटला टेकून तंबाखू मळत होता. निंबाच्या झाडाखाली झमकूबाई ओणवी होऊन ओकत होती, आणि गोमलीयाडी एका हातानं तिचं कपाळ धरून दुसऱ्या हातानं पाठीवर थापट्या मारत होती. बसमधले लोक खिडक्यांशी गोळा झाले. उन्हात तिचे आरसे असे चमकत होते की कुणाचीही नजर जावी. दोघातिघांनी फोन काढले.

गोमलीयाडीनं मान वर केली. अंगावरची ओढणी तिनं सर्रकन ओढली, दोन्ही हातांनी पडद्यासारखी पसरली आणि झमकूबाई आणि बसच्या मध्ये उभी राहिली. ती ओढणी भरायला झमकूबाईला दोन हिवाळे लागले होते.

"काय पाहून राह्यले?" ती बसवर ओरडली. "माणूस ओकून राह्यलं! घरी कोणी ओकत नाही काय तुमच्या? चाला!"

खिडक्यांतल्या तोंडांत एक माझंही होतं. मी हात हलवणार होते, पण हलवला नाही. चालकानं गियर टाकला. बस निघता निघता मला ओढणीच्या कडेनं झमकूबाई दिसली. ती सरळ उभी राहिली, एक मोठा श्वास घेतला, समोर पसरलेल्या ओढणीचं कवड्यांचं टोक शांतपणे ओढलं आणि त्याला तोंड पुसलं.